सज्जनातला ‘स’

सांगली,
रविवार, सकाळ

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. कवितेतल्या वृत्त-अलंकारांचं नाव काढलं की तुझी चिऊ वही मिटते, हे वाचून आधी हसलो, मग स्वतःची दहावी आठवली. सहामाहीत मी ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ या ओळीतला सज्जनातला ‘स’ लघु, म्हणजे आखूड उच्चाराचा, धरला आणि पुढचे सगळे गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट, कोसळले. गण ओळखायचं ‘यमाताराजभानसलगं’ हे सूत्र तोंडपाठ असून भोपळा!

चिऊला सांग, तो ‘स’ दिसतो ऱ्हस्व, पण पुढच्या ‘ज्ज’चा आघात त्याच्यावर येतो, म्हणून गुरू, म्हणजे लांब. ‘भ’चंही तेच, पुढे ‘क्ति’ आहे. आता टेबलावर ठेका धरून म्हणायला लाव: मनासज्, जनाभक्, तिपंथे, चिजावे. चारही वेळा लघु-गुरू-गुरू, म्हणजे य गण. 12 अक्षरं झाली की भुजंगप्रयात वृत्त. नाव शेवटी सांग हं. आपल्याला नाव आधी मिळालं, ठेका कुणी ऐकवलाच नाही.

अभंगात ही लघु-गुरूची कटकट नाही, नुसती अक्षरं मोजायची. ‘सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवूनिया’. बोटांवर मोज: 6, 6, 6, 4. ‘ध्या’ एकच अक्षर धरायचं, पोरं तिथं फसतात. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात, विटेवरी-कटावरी. त्या आखूड चौथ्या चरणावर तुझी आजी कशी दम घ्यायची, आठवतं?

अलंकारांसाठी तुझी स्कूटर घे, रागावू नकोस. ‘बाबांची स्कूटर हत्तीसारखी डुलते’ ही उपमा. स्कूटर उपमेय, हत्ती उपमान, ‘सारखी’ हा साधर्म्य दाखवणारा शब्द आणि डुलणं हा दोघांतला समान गुण. ‘स्कूटर जणू हत्तीच’ म्हटलं की उत्प्रेक्षा. ‘बाबांची स्कूटर म्हणजे साक्षात हत्ती’ म्हटलं की दोघांत फरकच उरला नाही, ते रूपक. पण नुसता ‘जणू’ शोधत बसू नको म्हणावं, काय कशाला म्हटलंय ते आधी बघ.

अनुप्रास, म्हणजे एकच अक्षर पुन्हा पुन्हा येणं, तिला आपोआप येईल. ओवी मात्र पत्रात मावायची नाही, ती म्हणूनच दाखवावी लागते. दिवाळीत येतोय, तेव्हा बसू. चकल्या राखून ठेवायला वहिनींना सांग.

तुझा,
दत्तू