रोग्यासोबत आलेल्या माणसाची चूल

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी विचारले होते की चर्चच्या नावाने म्हातारी माणसे पार आफ्रिकेत सेवा करायला जातात, त्यांना मेळघाट आणि गडचिरोली दिसत नाही का? पत्रात कोणाचे नाव नव्हते. पण नागपूरच्या आमच्या मोहननगरातून गेलेली म्हातारी माणसे म्हणजे आम्ही दोघेच, म्हणून उत्तर मीच द्यावे असे वाटले. प्रश्नाचा मला राग आलेला नाही. निघण्याआधी हाच प्रश्न मी आमच्या पाळकसाहेबांना विचारला होता. आणि शेजारणीने तर मला फाटकातच अडवले होते, "काहून हो काकू, पोरगी पुण्याले, नातू तिकडे, अन् तुमी आफ्रिकेत कायले चालल्या?"

मी ३४ वर्षे सरकारी नोकरीत सिस्टर होते, त्यातली बरीचशी बाळंतिणींच्या आणि नवजात बाळांच्या वॉर्डात गेली. आमचे हे अजनीच्या लोको शेडमधून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झाले. मलावी देशाच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी चहाच्या मळ्यांत एक मिशन हॉस्पिटल आहे. त्यांनी आमच्या मंडळीकडे दोन माणसे मागितली होती, एक नर्स आणि एक यंत्रे दुरुस्त करणारा, शक्यतो नवरा-बायको, म्हणजे घर एकच लागेल. जाण्यायेण्याचा खर्च आमच्या पेन्शनमधून, घर त्यांचे, वर भाजीपाल्यापुरते पैसे. जुलै २०२२ मध्ये गेलो, जून २०२४ मध्ये परतलो. जाताना मी ६४ वर्षांची होते, हे ६७ चे. पाळकसाहेब म्हणाले, "अब्राहाम हारान सोडून निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता, तुम्ही तर अजून लहान आहात."

मिशन म्हटले की आपल्याकडे लोकांना आधी धर्मांतर आठवते, म्हणून तेही सांगून टाकते. मलावीतले बहुसंख्य लोक कधीचेच ख्रिस्ती आहेत. हॉस्पिटलात सकाळी सातला प्रार्थना होई, तेव्हा नर्सा, झाडूवाले, रोग्यांचे नातलग असे सगळे चार वेगवेगळ्या सुरांत एकत्र गात. पेटी नाही, काही नाही. अंगावर काटा यायचा. तिथे आम्ही काय प्रचार करणार? ह्यांनी सामानात टाळ घातले होते. मागच्या बाकापाशी उभे राहून ते टाळ धरायचे, आणि महिन्याभरात लोक आम्हाला मराठी भजनाची फर्माईश करू लागले. शब्द एकालाही कळत नसे, ताल मात्र सगळ्यांना कळे.

दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. वीज असली तर चहा हिटरवर, नसली तर कोळशाच्या शेगडीवर. तिला ते मबावुला म्हणतात, पण आहे ती आपली शेगडीच, माझ्या आईकडे होती तशी. प्रार्थना झाली की मी वॉर्डात आणि हे वर्कशॉपमध्ये. वर्कशॉप म्हणजे बंद पडलेल्या यंत्रांची एक खोली. परदेशांतून दान आलेली चांगली चांगली यंत्रे तिथे धूळ खात पडली होती. काही ११० व्होल्टची, ती कुणीतरी तिथल्या २३० व्होल्टवर लावून जाळली होती. पहिल्या दिवशी हे त्या खोलीत तासभर नुसते फिरले आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "अगं, यातली निम्मी आजारी नाहीत, नुसती मळली आहेत." ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून रोग्याला देणारे यंत्र, त्याच्या मागे स्पंजसारखी जाळी असते. ती धुळीने गच्च झाली की यंत्राला हवा पुरत नाही, ते तापते आणि बंद पडते. ह्यांनी ती जाळी साबणाच्या पाण्यात पिळली, सावलीत वाळवली, परत बसवली आणि यंत्र सुरू झाले. बादलीतले पाणी कोळशासारखे काळे झाले होते. पुढे दर शनिवारी तिथल्या दोन पोरांना घेऊन ही धुलाई चाले. आता ती पोरे स्वतः करतात, व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात. ह्यांना ते फोटो नातवाच्या फोटोंइतकेच प्रिय आहेत.

रस्त्याने जाताना लहान मुले हाक मारायची, "मुली ब्वांजी, अगोगो?" म्हणजे "कशा आहात, आजी?" पहिले काही दिवस 'मुली' ऐकून मी मागे वळून बघायची, कुणाच्या मुली आल्या म्हणून. अगोगो म्हणजे आजीही आणि आजोबाही, त्यामुळे आमच्या घराला आजी-आजोबांचे घर असेच नाव पडले. देताघेताना तिथे दोन्ही हात पुढे करून गुडघ्यात थोडे वाकतात. माझे गुडघे दुखायचे, पण मीही तसेच करायला शिकले.

जेवण म्हणजे नसिमा. मक्याच्या पिठाचा पांढरा घट्ट गोळा, हाताने मोडून भाजीशी खायचा. भाजी भोपळ्याच्या पानांची, टोमॅटो आणि शेंगदाण्याचे कूट घालून. पहिला घास खाल्ला आणि मी ह्यांच्याकडे पाहिले, ह्यांनी माझ्याकडे. कूट घातलेली पालेभाजी खायला आम्ही एवढा समुद्र ओलांडून आलो होतो! आणि तूर. दक्षिण मलावीत घरोघरी तूर पेरतात, नांदोलो म्हणतात तिला, आणि तिथली तूर आपल्याच देशाला विकली जाते. आपल्याकडे शेंगा थंडीत येतात, तिथे जून-जुलैत, कारण त्यांची थंडी तेव्हा. आमचे पहिले पाऊल पडले तेच त्या दिवसांत. एका बाईने मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा ओंजळभर दिल्या आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले. जानेवारीत आमच्या अंगणात याच शेंगांचा घमेलाभर ढीग असतो.

ती बाई रोगी नव्हती, रोग्यासोबत आलेली होती. मला जे सांगायचे आहे ते इथून पुढे.

मलावीत रोग्यासोबत येणाऱ्या नातलगाला 'गार्डियन' म्हणतात. इस्पितळात औषधपाणी नर्स-डॉक्टरांचे, पण स्वयंपाक, कपडे धुणे, भरवणे, अंग पुसणे हे सगळे गार्डियन करते. म्हणून इस्पितळाच्या आवारातच तिच्यासाठी वेगळी शेड असते. वर पत्रा, खाली चुलींची रांग, बाजूला नळ आणि धुण्याचे दगड, रात्री अंग टाकायला सिमेंटचा ओटा. दहा गावांच्या बायका तिथे आपापली भांडी घेऊन बसतात. दुपारी चारनंतर मीही तिथे जाऊन बसू लागले. आधी भाषा शिकायला, मग सवयच झाली. मी गेले त्या वर्षी मलावीत पटकी, म्हणजे कॉलरा, पसरली होती. त्या देशात एवढी मोठी साथ पूर्वी आली नव्हती, १,७०० च्या वर माणसे गेली. हात कसे धुवायचे, जुलाब लागलेल्या पोराला साखरमिठाचे पाणी कसे पाजायचे, हे वॉर्डात भिंतीवर चिकटवलेले होते, पण तिकडे कोण बघते? शेडमध्ये भांडे घेऊन, मोजून, ढवळून दाखवले की बायका विचारायच्या, भांडायच्या, घरी जाऊन तेच करायच्या. ३४ वर्षांच्या नोकरीत मी रोग्यांना समजावत राहिले. रोग्याला सांभाळणारे माणूस बाहेर कुठे बसले आहे, जेवले की नाही, हे पाहायला मी एकदाही गेले नव्हते, याची मला तिथे लाज वाटली.

मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळ आले. ऑस्ट्रेलियाजवळ उठलेले ते वादळ अख्खा हिंदी महासागर ओलांडून महिन्याभराहून जास्त काळ फिरत राहिले होते. डोंगरांवरून चिखल आणि दगड गावांवर कोसळले, त्या देशात हजाराहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. आमच्याकडे वीज गेली, रस्ता तुटला. डिझेल किती दिवस पुरवायचे ते माहीत नव्हते, म्हणून जनरेटर फक्त ऑपरेशन आणि ऑक्सिजनसाठी चालवायचा असे ठरले. हे चार रात्री जनरेटरच्या खोलीत खुर्चीवर झोपले.

दुसऱ्या रात्री १ किलो ३५० ग्रॅमचे एक बाळ होते. आईचे सिझेरियन झालेले, तापाने फणफणलेली. बाळाला ऊब द्यायची तर विजेची पेटी, म्हणजे इन्क्युबेटर, चालू नाही. अशा वेळी बाळ उघड्या छातीशी बांधायचे. १९७८ साली कोलंबियात बोगोटाच्या डॉक्टरांनी पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून ही रीत सुरू केली, तिला कांगारू पद्धत म्हणतात, मी नागपुरात शेकडो आयांना शिकवली होती. पण त्या रात्री आई उठून बसू शकत नव्हती. बाळाची आजी पुढे आली. साठीची असेल, हाडे वर आलेली. तिने ब्लाउज काढला, मी बाळ तिच्या छातीवर बेडकासारखे पालथे ठेवले, डोके एका बाजूला वळवले आणि तिच्याच चितेंजेने दोघांना घट्ट बांधले. चितेंजे म्हणजे तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात ते दोन वार सुती कापड. तासाभराने मी बाळाचे पाय चाचपले, ते गरम झाले होते. आजी तीन दिवस तशीच भिंतीला टेकून बसली होती. मग तिला आणि तिच्या लेकीला जेवू कोण घालणार? शेडमधल्या बायकांनी घातले. तिला कोणी ओळखत नव्हते, पण बाहेर पाऊस कोसळत असताना त्या पत्र्याखाली चूल पेटती होती आणि नसिमाची ताटली वेळेवर येत होती. बाळ जगले, १ किलो ८०० ग्रॅमचे होऊन घरी गेले.

आता त्या गृहस्थांचा प्रश्न. मेळघाट, गडचिरोली आम्हाला दिसतात. पण आमच्यासारख्यांना लांब जाण्यात गैर वाटत नाही, त्याचे कारण आपल्या शहरातच आहे. ज्यांच्या नावाने १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज निघाले ते स्टीफन हिस्लॉप १८४५ साली बायकोसह स्कॉटलंडहून नागपुरात आले. मराठी शिकले, शाळा काढली, इथले खडक आणि गोंडांच्या कथा गोळा केल्या. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची दगडी वर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ पुरात बुडून गेले. स्कॉटलंडमध्ये गरीब नाहीत का, असे त्यांनाही कोणी विचारले असेलच. स्कॉटलंडच्या ज्या फ्री चर्चने त्यांना इथे पाठवले, त्याच चर्चने १८७५ साली मलावीत सरोवराकाठी मिशन उघडले. आमचे हॉस्पिटल दक्षिणेच्या दुसऱ्या स्कॉटिश मिशनच्या भागातले, पण मुळे एकाच मातीतली. माझा जन्म सीताबर्डीच्या म्युर मेमोरियलमध्ये झाला, तेही स्कॉटिश मिशनचेच. एवढ्या लांबून माणसे येऊन माझ्या आईचे बाळंतपण नीट पार पडले, तर त्यातले थोडे मी पुढे पोहोचवावे असे मला मनापासून वाटले.

पण परत आल्यावर मला नागपूर वेगळे दिसते, हे त्यांना सांगितलेच पाहिजे. आपल्या मोठ्या सरकारी इस्पितळांबाहेर रात्री चक्कर मारून पाहा. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा इथून रोग्यासोबत आलेली माणसे फुटपाथवर, दुकानांच्या पायऱ्यांवर झोपलेली असतात. थंडीत पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हाही. दानशूर लोक अन्न वाटतात, देव त्यांचे भले करो. पण ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्याला त्याच्या घरची तांदळाची पेज हवी असते, आणि ती शिजवायला त्याच्या बायकोला जागा नसते. पिशवीत तांदूळ असतो, पातेले असते, चूल नसते. एक माडिया बाई मला म्हणाली, "तीन दिस झाले बाई, मागूनच खातो." गावाकडे तिच्या घरी धान्य होते.

ह्यांनी एक नकाशा काढला आहे. ३० फूट बाय १५ ची पत्र्याची शेड, आठ ओटे, चार नळ, धूर वर जायला वाट, सरपणाऐवजी गॅस ठेवायचा तर सिलिंडर बाहेर जाळीत. शेड उभी राहिली तर वायरिंग हे स्वतः करतील. झाडलोट आणि देखरेखीसाठी मोहननगर आणि गड्डीगोदामातल्या सहा जणी तयार आहेत, सगळ्या निवृत्त, तिघी ख्रिस्ती आणि तिघी बौद्ध. पैसा थोडाफार जमेल. अडले आहे ते जागेपाशी आणि परवानगीपाशी. आम्ही पाच महिन्यांत तीन टेबलांवर अर्ज दिले, प्रत्येक ठिकाणी पुढच्या टेबलाचे नाव मिळाले. या कामातला माहीतगार कोणी आपल्या वाचकांत असेल तर त्याने आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा, ही कळकळीची विनंती.

आणि ज्यांनी ते पत्र लिहिले त्या गृहस्थांचा पत्ता आपल्याकडे असेलच. माझे पत्र छापायला जागा नसली तरी त्यांच्यापर्यंत जरूर पोहोचवा. मेळघाट-गडचिरोलीची कळकळ आहे म्हणूनच त्यांनी लिहिले. तिकडची माणसे रोज रात्री आपल्याच रस्त्यावर येऊन झोपतात. त्यांनी एखाद्या शनिवारी संध्याकाळी आमच्यासोबत तिकडे यावे, सातव्या माणसाची आम्हाला गरज आहे.

आपली,
एक निवृत्त सिस्टर
मोहननगर, नागपूर