तू ‘आज नको’ म्हणाला होतास

नॅशुआ, न्यू हॅम्पशायर
२७ मार्च २०२४

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा ‘पुढच्या आठवड्यात निवांत बोलू’ असे मी म्हणालो आणि त्यानंतर तुला एक ओळही लिहिली नाही, याची मला मनापासून लाज वाटते. आम्ही सगळे ठीक आहोत. माझी रक्तदाबाची गोळी चालू आहे, हिची पाठ पूर्वीपेक्षा बरी आहे. धाकटीच्या डाव्या मनगटाचे हाड मात्र मोडले आहे. घरी आईला मी ‘बर्फावर घसरली’ एवढेच कळवले. ते खोटे नाही, पण पुरतेही नाही. उरलेले सांगितल्यावर ज्याला कळेल असा माझ्या ओळखीत एकच माणूस आहे, आणि सव्वीस वर्षांपूर्वी औलीच्या स्कीइंग कोर्सात त्याच्याशी मी जे भांडलो त्याचा या मोडलेल्या हाडाशी थेट संबंध आहे.

तुला वाटत असेल की इथे डिसेंबरात बर्फ पडतो आणि एप्रिलपर्यंत तसाच राहतो. इथे आलो तेव्हा मीही तसेच समजत होतो. प्रत्यक्षात न्यू इंग्लंडचा, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्याचा, हिवाळा आपल्याकडच्या वळिवासारखा आहे. तो कधी काय करील याचा भरवसा नाही. किनाऱ्याने वर सरकणाऱ्या वादळाचे केंद्र समुद्रात राहिले तर ईशान्येकडून थंड हवा ओढली जाते आणि एका रात्रीत दोन फूट बर्फ पडतो. तेच केंद्र जरा पश्चिमेला कलून आमच्या डावीकडून गेले तर दक्षिणेची दमट, उबदार हवा थेट डोंगरमाथ्यापर्यंत चढते आणि भर जानेवारीत पाऊस कोसळतो. कधी वर उबदार हवेचा थर आणि खाली दरीत अडकलेली थंड हवा असा प्रकार होतो, तेव्हा पडणारा पाऊस जमिनीला टेकताक्षणी गोठतो आणि प्रत्येक फांदीवर काच चढते. हे सगळे एकाच आठवड्यात होऊ शकते. कॅनन डोंगराच्या कड्यावर म्हाताऱ्याच्या चेहऱ्यासारखा एक खडक होता, तो या राज्याचे चिन्ह आहे आणि इथल्या गाड्यांच्या पाट्यांवरही त्याचे चित्र असते. भेगांत शिरलेले पाणी वर्षानुवर्षे गोठत आणि वितळत राहिले, आणि मे २००३ मध्ये एका रात्रीत तो चेहरा ढासळला. मी इथे येण्यापूर्वीच तो पडला होता, पण त्या घाटातून गाडी नेताना दर वेळी मी मान वर करून ती रिकामी जागा पाहतो.

यंदाचा हिवाळा तर अमेरिकेतल्या आजवरच्या नोंदींत सर्वांत उबदार ठरला. १८ डिसेंबरला व्हरमाँटपासून मेनपर्यंत असा पाऊस झाला की नद्यांना पूर आले आणि जमलेला बर्फ वाहून गेला. इथे विनिपिसॉकी नावाचे मोठे तळे आहे. त्याचा बर्फ कधी फुटला याची नोंद १८८७ पासून ठेवतात, आणि तळ्यातली प्रवासी बोट आपल्या सगळ्या धक्क्यांना लागू शकली की बर्फ फुटला असे जाहीर करतात. यंदा ते १७ मार्चला जाहीर झाले. इतक्या वर्षांत इतक्या लवकर ते कधीच झाले नव्हते. ती बातमी वाचली तेव्हा धाकटी समोरच्या खुर्चीवर हात गळ्यात बांधून बसली होती आणि मला तिच्याकडे पाहवेना.

अशा हवेत स्कीइंग करायचे तर माणसाला शिस्त लागते, आणि बरीच वर्षे मी ती पाळली. गाडीत सदैव हातमोज्यांचे तीन जोड असतात, त्यातला एक भांडी घासण्याच्या रबरी मोज्यांसारखा, कारण पावसात दुसरे काही टिकत नाही. अंगाला सुती कापड लागू द्यायचे नाही, हे तर आपण औलीतच शिकलो होतो, काकूंनी मोठ्या प्रेमाने दिलेल्या सहा सुती बनियनांमुळे. (लांबूने पाय गरम राहावेत म्हणून चार पायमोजे चढवले होते, बुटात रक्त फिरेना आणि शेवटी आपल्याला शिकवणाऱ्या उस्तादजींनी त्याचे पाय स्वतःच्या कोटाखाली घेऊन शेकले, ते आठवते का? मी ही गोष्ट धाकटीला इतक्या वेळा सांगितली आहे की ती लांबूला न बघताच ओळखेल.) ढगाळ उजेडात उतारावरचे उंचवटे दिसेनासे होतात, म्हणून गॉगलची गुलाबी काच वेगळी. पहाटे उठून तीन गोष्टी पाहायच्या: पायथ्याचे आणि माथ्याचे तापमान, वाऱ्याची दिशा आणि वेग, आणि मागच्या दोन दिवसांत काय झाले ते. यातली तिसरी सर्वांत महत्त्वाची, कारण पाय आजच्या हवेवर नसतात, परवापासून पायाखाली जे साचले आणि गोठले त्यावर असतात. हे वाक्य तुझे आहे, मला माहीत आहे.

आता २९ फेब्रुवारीचे सांगतो. त्या आठवड्यात आमच्या राज्यात शाळांना सुट्टी होती. आदल्या दिवशी पाऊस पडला आणि रात्री तापमान एकदम कोसळले. हे सगळे मला ठाऊक होते. रात्रभर यंत्रे फिरवून तो घट्ट बर्फ खरवडतात, सकाळी वरवर छान रेघा दिसतात, आणि शंभरएक माणसे त्यावरून गेली की खालची काच उघडी पडते, हेही ठाऊक होते. पण दुपारी ऊन पडले की वरचा थर मऊ होईल असे मी मनाशी धरले. मार्चअखेरीस, दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर आणि हवा शून्याच्या आसपास असताना ते होतेही. त्या दिवशी हवा उणे दहा होती, वारा उत्तरेचा होता आणि उतारही उत्तरेचाच. मार्चचा नियम मी फेब्रुवारीला लावला. वाऱ्यामुळे वरची लिफ्ट अकरापर्यंत बंद होती. ती सुरू झाली तेव्हा ‘बघ, उघडलीच शेवटी’ असे मी म्हणालो, आणि दोन तास थांबल्याचे काहीतरी वसूल झाले पाहिजे, ही भावना माझ्या बोलण्यात होती.

वर पोचल्यावर तिने काठीचे टोक बर्फात दाबून पाहिले. ते आत गेले नाही. ती म्हणाली, “बाबा, आज नको. आपण लिफ्टनेच खाली जाऊ.”

मी म्हणालो, “एकदाच. माझ्या मागून ये.”

चौथ्या वळणावर तिच्या स्कीची कड बर्फात रुतली नाही. मागे वळून पाहिले तेव्हा ती पाठीवर घसरत होती, आणि काचेवर घसरणारे माणूस आपण होऊन थांबत नाही, बंड्या. साठ-सत्तर मीटरवर उताराच्या बाजूला वाऱ्याने साठवलेला मऊ बर्फ होता, त्यात ती थांबली. त्याच्या पलीकडे दहा पावलांवर झाडे होती. ही दहा पावले मी दुसऱ्या दिवशी एकटाच जाऊन मोजून आलो. स्की पेट्रोलची, म्हणजे उतारावरच्या बचाव पथकाची, माणसे घसरगाडी घेऊन आली, त्यांनी हात बांधला आणि फार मायेने तिला खाली नेले. ती रडली नाही. गाडीत बसल्यावर फक्त म्हणाली, “तू माझं ऐकलं नाहीस.”

आणखी एक गोष्ट आहे, जी मी हिलाही परवापर्यंत सांगितली नव्हती. आदल्या रात्री मी माझ्या स्कींच्या कडांना धार लावली. तिच्या स्कींची धार राहिली. अकरा वाजून गेले होते, आणि ती वजनाने हलकी आहे, सहज वळते, तिला चालेल, असे मला वाटले. खरे तर उलटे आहे. हलक्या माणसाचा भार कडेवर कमी पडतो, म्हणून घट्ट बर्फावर त्यालाच धार जास्त लागते. हे मी दहा जणांना शिकवले असेल.

त्या रात्री इस्पितळातून परत आल्यावर मला झोप लागेना आणि औलीची ती दुपार जशीच्या तशी समोर आली. कोर्सचा बारावा दिवस, तीन वाजून गेले होते, ऊन डोंगराच्या धारेमागे गेले होते आणि सकाळचा मऊ बर्फ बघता बघता आवळत होता. तू उताराच्या तोंडाशी उभा राहून काठीचे टोक दाबलेस, ऐकलेस आणि ‘आज नको’ म्हणालास. मी सगळ्यांसमोर तुला भित्रा म्हणालो. स्की खांद्यावर टाकून तू बांज ओकच्या झाडांमधून चालत खाली गेलास आणि मी तो उतार उतरून दाखवला. हरिद्वारहून निघालेल्या गाडीत दिल्लीपर्यंत आपण एकमेकांशी बोललो नाही. त्यानंतर आपली समेट झाली ती लांबूच्या लग्नात, पण त्या विषयावर मी कधीच माघार घेतली नाही. गेली सव्वीस वर्षे मी ती गोष्ट सांगत आलो ती माझ्या कौशल्याची म्हणून. आता कळते की त्या दिवशी मी पडलो नाही, एवढेच. बर्फ तू ओळखला होतास. तुझे बरोबर होते आणि मी तुला जे बोललो त्याबद्दल मी तुझी क्षमा मागतो. समोर असतास तर पाया पडलो असतो.

गेल्या वर्षी तू जोशीमठच्या घरांना पडलेल्या भेगांची छायाचित्रे पाठवली होतीस, रोपवे बंद झाल्याचे आणि औलीच्या स्पर्धा बर्फाअभावी रद्द झाल्याचे कळवले होतेस. त्यालाही मी उत्तर दिले नाही. खरे सांगतो, ते वाचून मला काय लिहावे सुचले नव्हते. आपण जिथे शिकलो तो उतारही आता बर्फाची वाट पाहत बसतो, आणि माझ्या लेकीला मी जे शिकवतो आहे ते तिच्या चाळिशीत करायला जागा उरेल की नाही, हे मला रात्री छळते. इथल्या लहान टेकड्यांवरच्या शेकडो लिफ्ट गेल्या काही दशकांत बंद पडल्या आहेत. ज्यांच्याकडे बर्फ तयार करणारी यंत्रे आहेत त्याच तग धरतात, आणि त्या यंत्रांनाही थंड, कोरडी हवा लागतेच. मग हातात असलेला दिवस सोडवत नाही. मी त्या दुपारी लिफ्टने खाली आलो नाही, त्याचे मूळ इथे आहे असे मला वाटते. ही सबब नाही, पण तू विचारशील म्हणून लिहिले.

तुझे कसे चालले आहे? काकूंच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली का? बदलीचा अर्ज मंजूर झाला की अजून तोच तालुका? मुलाला बारावीचे पेपर कसे गेले ते अवश्य कळव, आणि वहिनींना नमस्कार.

आता या शनिवारचे. २३ मार्चला, तळ्याचा बर्फ फुटून आठवडा झाला नाही तोच, हिवाळ्यातले सर्वांत मोठे वादळ आले. आमच्या अंगणात पाऊस आणि बर्फाचे खडे, आणि इथून दोन तासांवर उत्तरेला दोन फूट भुसभुशीत बर्फ. धाकटीचे प्लॅस्टर पुढच्या मंगळवारी निघेल. त्यानंतर मनगटाला आधारपट्टी बांधून सोप्या उतारावर काठ्यांशिवाय फिरायला डॉक्टरांची हरकत नाही. मी विषय काढलाच नव्हता. काल रात्री तिनेच विचारले की एप्रिलमध्ये बर्फ कसा असतो. रात्री गोठतो, सकाळी काच असते, दहाच्या सुमारास वरचे दाणे सुटे होतात आणि बारानंतर सगळा चिखल होतो, असे मी सांगितले. तेव्हा मला तुझी वही आठवली. तू दर तासाला बर्फाची नोंद करायचास: पीठ, पापडी, साबुदाणा, काच, लापशी. आम्ही सगळे हसायचो आणि तू शांतपणे लिहीत राहायचास. हे शब्द ऐकून ती खूप हसली, अपघातानंतर पहिल्यांदाच. मग म्हणाली, “म्हणजे साबुदाणा झाला की निघायचं, आणि ते मी ठरवणार.” मी हो म्हणालो. तिच्या दोन्ही स्कींना धार लावून ठेवली आहे. लिफ्ट जिथे सोडते तिथे ती काठी दाबून पाहील, आणि नको म्हणाली तर आम्ही त्याच लिफ्टने परत येऊ.

ती वही तुझ्याकडे अजून आहे का? असेल तर बाराव्या दिवसाच्या पानाचा फोटो पाठव. तीन वाजताच्या रकान्यात तू काय लिहिले होतेस ते तिला पाहायचे आहे, आणि मलाही.

तुझाच,
नाना