अण्णा, पाय कोरडे राहिले

आदरणीय अण्णा,
सादर नमस्कार.

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या आधी परत आले. उत्तराखंडातलं केदारकंठा शिखर झालं, 12,500 फूट. आल्या आल्या फोन केला होताच, पण जे सांगायचं होतं ते फोनवर नीट सांगता आलं नाही. आणि हे पत्र सगळ्यांनी वाचावं असंही वाटतं, कारण आपल्याकडची पोरं आता थंडीत हिमालयात जायला लागलीत आणि त्यांच्या बॅगेत जीन्स असते. माझ्याही होती.

घराची किल्ली द्यायला तुमच्याकडे आले, तेव्हा तुम्ही सहज विचारलंत, काय काय घेतलंस? मी सांगितलं, दोन जीन्स आणि एक जाड कॉटनची ट्रॅकपँट. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. "अगं, ह्याचेच तर आम्ही टॉवेल करतो. कापूस पाणी पितो म्हणून टॉवेल खपतो. तेच पायाला गुंडाळून बर्फात जाणार?"

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात आयुष्यभर जॉबर म्हणून, म्हणजे माग दुरुस्त करत आणि सांभाळत, मागावर उभा राहिलेला माणूसच असं बोलू शकतो. सूत वजनावर विकतात, म्हणून त्यात हवेतली ओल किती धरायची हे ठरलेलं असतं, हे मला तुमच्याकडून कळलं. कापसाला 8.5 टक्के, पॉलिएस्टरला 0.4. माझ्या चेहऱ्यावर शंका दिसली असणार, कारण तुम्ही बादली मागवलीत. माझी जीन्स आणि तुमच्या नातवाची पॉलिएस्टरची खेळायची पँट, दोन्ही बुडवून, पिळून गॅलरीतल्या दोरीवर टाकलीत. रात्री जेवणं होईपर्यंत नातवाची पँट वाळली होती. जीन्स दुसऱ्या दिवशी दुपारीही कमरेच्या पट्टीत आणि खिशांच्या तळाशी ओली लागत होती. हे सोलापूरच्या हवेत. वर तर ऊन चार वाजता डोंगराआड जातं.

मग तुम्ही स्वतः नवी पेठेत आलात. एका दुकानात आतून अस्तर लावलेली जीन्स "बर्फात एकदम चालेल" म्हणून पुढे केली, तेव्हा तुम्ही लेबल उलटून वाचलंत आणि काही न बोलता घडी घालून परत ठेवलीत. शेवटी नायलॉनची पातळ, किंचित ताणणारी पँट घेतली. आसनाला कळी, म्हणजे पाय फाकवता यावेत म्हणून जोडलेला तुकडा, आहे की नाही हे तुम्ही बोटानं चाचपून पाहिलंत. घरी आल्यावर थर्मल, म्हणजे आतून घालायची उबदार पँट, त्यावर ही पँट, त्यावर पावसाळी पँट असं सगळं चढवून मला स्टुलावर पाय ठेवायला लावलात. थर्मलवर पँट गुडघ्यात ओढली गेली. तुम्ही म्हणालात, "दोन चादरींत ऊब कुठून येते? मधल्या हवेतून. घट्ट ओढून बांधल्या तर हवा राहील कुठं?" ती पँट बदलून एक माप मोठी आणली.

आता वरचं सांगते. पायथ्याच्या सांक्री गावापासून चढताना नुसती पँट पुरली, थर्मल लागलीच नाही. चालताना मांड्या स्वतःच तापतात, थर्मल घातली असती तर घाम फुटला असता. ती मी मुक्कामासाठी कोरडी ठेवली. लोकरीची घ्या म्हणालात ते किती बरं झालं! लोकर कापसापेक्षाही जास्त ओल धरते, तरी तिच्या कुरळ्या धाग्यात हवा राहते, म्हणून दमट झाली तरी अंगाला गार लागत नाही. शिखराच्या दिवशी अंधारात निघालो तेव्हा मात्र तिन्ही थर अंगावर होते. पावसाळी पँटला बाजूनं चेन असल्यामुळे बूट न काढता ती चढवता-उतरवता आली. बुटावरून पोटरीपर्यंत गेटर, म्हणजे बर्फ आत जाऊ नये म्हणून गुंडाळायचं आवरण, बांधले होते, त्यामुळे गुडघाभर बर्फात पाय रुतला तरी बुटात कण गेला नाही.

आमच्यातला एक मुलगा जीन्समध्ये होता. दुपारी बर्फात बसला, ती भिजली, आणि संध्याकाळी तंबूबाहेर तिचा गुडघ्याखालचा भाग फळीसारखा कडक झाला. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगानं ऊब ओढून नेतं. त्याचे पाय थरथरत होते, बोलताना दात वाजत होते. आम्ही त्याला स्लीपिंग बॅगेत घातलं, माझी जादा ट्रॅकपँट दिली. शिखरावर तो आला नाही. त्याच्याकडे बघताना मला सारखी तुमची बादली आठवत होती, अण्णा. त्याला ते सांगणारं कोणी भेटलं नव्हतं.

निघताना तुम्ही विचारलं होतं, ओल कुठे राहते ते बघून ये. बघितली. फक्त पोटरीवर, गेटरच्या आत. बाहेरून बर्फ आला नव्हता, माझाच घाम बाहेर पडू शकला नव्हता. बाकी मांडी, गुडघा, आसन, सगळं कोरडं.

पँट अजून धुतलेली नाही. तुम्हाला शिवणी बघायच्या होत्या ना, रविवारी सकाळी घेऊन येते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची मुलगी