फोन पाठीशी हवा, हँडलवर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत सायकल आणि स्मार्टवॉचवर लेख आला. त्यावर एका वाचकाचं पत्रही छापून आलं, की व्यायामाला जाताना फोन सरळ घरी ठेवावा, डोकं शांत राहतं. दोन्ही वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी आयटीआयमधून निवृत्त झालेला शिल्प निदेशक, ट्रेड फिटर, वय 63. पहाटे सायकल काढून कधी कळंब्याला फेरी मारतो, तर कधी शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याच्या वाटेला लागतो. मनगटावरचं घड्याळ मुलीनं घेऊन दिलेलं आहे.

फोन घरी ठेवा म्हणणाऱ्यांना पन्हाळ्याच्या वाटेवरच्या वाघबीळ घाटाची एक गोष्ट सांगतो. गेल्या पावसाळ्यात घाटाच्या उतारावर एक कॉलेजचा पोरगा माझ्यासमोर घसरला. वळणावर लाल माती वाहून आली होती. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, पण खांदा गेला, आणि पोरगा इतका भांबावला की घरचा नंबर धड सांगता येईना. फोन खिशात शाबूत होता, पण लॉक. त्याचं बोट लावून बघितलं, तर चिखलानं भरलेलं ओलं बोट फोन ओळखेना. तेवढ्यात दुधाचे कॅन लावून कोल्हापूरकडे निघालेला एक दूधवाला थांबला. त्यानं काय करावं? सायकलच्या सीटखालच्या नळीवर दुकानाचा स्टिकर होता, तो अंगठ्यानं पुसला आणि त्यावरचा नंबर फिरवला. "निळी गिअरची हाय, म्होरला टायर नवा हाय, कुणाची वो?" दुकानदारानं सायकल ओळखली आणि पोराच्या वडिलांचा नंबर दिला. 108 ची गाडी यायच्या आत वडील निघालेसुद्धा होते.

तेव्हा नुसता फोन सोबत असून भागत नाही. दुसऱ्याला तो उघडता आला नाही तरी तुमच्या माणसांपर्यंत पोचता आलं पाहिजे. त्याची सोय आजच्या बहुतेक स्मार्टफोनमध्ये आहे. सेटिंगमध्ये इमर्जन्सीची माहिती भरायची जागा असते. तिथं घरच्या दोघांचे नंबर, रक्तगट, चालू असलेली औषधं लिहून ठेवली की लॉक न उघडता, स्क्रीनवरच्या 'इमर्जन्सी' या शब्दावर बोट ठेवून कुणालाही ती वाचता येतात. आयफोनमध्ये हीच गोष्ट 'मेडिकल आयडी' नावानं आहे, फक्त लॉक असताना दिसण्याची परवानगी चालू आहे ना, ते बघून घ्या. 112 नंबर तर लॉक असलेल्या फोनवरूनही लागतो. रंकाळ्यावर सकाळी भेटणाऱ्या मंडळींना मी हे विचारत असतो. महागातले फोन, महागातले बूट, पण ही माहिती भरलेला माणूस क्वचित सापडतो.

आणि हो, सायकलच्या नळीवरही एक नंबर चिकटवा. बॅटरी संपली तरी स्टिकर वाचता येतो.

'घड्याळ आहे की, फोन कशाला?' असंही काहीजण म्हणतात. पण पडल्याचं ओळखून आपोआप फोन लावणारी बरीचशी घड्याळं त्यासाठी खिशातल्या फोनवरच अवलंबून असतात. दोघांमधलं ब्लूटूथ जेमतेम दहा मीटर चालतं. फोन मंगळवार पेठेत चार्जिंगला आणि तुम्ही केर्लीच्या पुढं, म्हणजे घड्याळ मुकं. स्वतःचं ई-सिम, म्हणजे आतच बसवलेलं सिम, असलेल्या घड्याळाची गोष्ट वेगळी, पण ती सगळ्यांकडे कुठं असतात? काही स्वस्त घड्याळांत तर जीपीएससुद्धा नसतं, ती फोनचंच उसनं घेतात.

आता लेखाबद्दल. लेखात फोन हँडलवर लावायची शिफारस होती, ती मला मुळीच पटली नाही. आपल्या रस्त्यावर नजर खड्ड्यावर पाहिजे. हंगामात गगनबावडा रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चालतात, मागं धड लाल रिफ्लेक्टरही नसतो, आणि आमचा भावा वेग किती पडतोय ते बघत मान खाली घालून चाललेला. हादऱ्यांचंही आहेच. मोटारसायकलच्या जोरदार इंजिनांच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातली प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असं ॲपलनंच 2021 मध्ये जाहीर केलं होतं. सायकलला इंजिन नाही हे मान्य, पण खड्डे चुकवता येत नाहीत. पावसात तर थेंबांनाच बोट समजून स्क्रीन आपल्या मनानं चालायला लागते.

मग ठेवायचा कुठं? सायकलच्या जर्सीला पाठीमागं तीन खिसे असतात. मधल्यात नको, पडलं तर थेट कण्याखाली येतो. डाव्या किंवा उजव्या खिशात ठेवावा. घाम आणि पावसासाठी धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी पुरते, वर रबर लावायचं. सीटखालच्या पाऊचमध्ये पान्हे आणि पंक्चरचं सामान असतं, त्यात फोन टाकला तर काचेवर नक्षी उठलीच म्हणून समजा. ट्रॅकपँटच्या खिशातून तर तो मांडी हलता हलता बाहेर येतो.

घड्याळाच्या आकड्यांबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचंय, कारण मोजमाप हा माझा धंदा. आयटीआयमध्ये व्हर्निअर हातात दिला की पोरांना मी पहिल्यांदा लीस्ट काउंट विचारायचो. साधन किती बारीक मोजतं ते आधी सांग, मग तुझा आकडा सांग. घड्याळाला हे कुणी विचारत नाही. ते कातडीवर हिरवा उजेड पाडतं आणि रक्ताच्या लाटेबरोबर परत येणारा उजेड कसा कमी-जास्त होतो त्यावरून नाडी काढतं. हँडल घट्ट धरलं की मनगट वाकतं, पट्टा हलतो, हादरे बसतात, आणि आकडा भरकटतो. वाघबीळ चढताना मला धाप लागलेली असते आणि घड्याळ पायरीवर बसल्यासारखी नाडी दाखवतं. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधला की सुधारतं. खरी नाडी हवी तर छातीचा पट्टा घ्यावा, तो हृदयाचा विद्युत संदेशच टिपतो.

त्यातून 'झोन' नावाचं प्रकरण, म्हणजे जास्तीत जास्त नाडी धरून पाडलेले व्यायामाच्या जोराचे टप्पे. ही जास्तीत जास्त नाडी काढायचा 220 वजा वय हा ठोकळ हिशेब, म्हणजे माझे 157. पण मी रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेतो, ती गोळी नाडी फारशी वाढू देत नाही. घड्याळाला हे माहीत नाही, ते बिचारं मला 'आणखी जोर लावा' म्हणून टोचत राहतं. अशी गोळी घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

कॅलरीचं तर विचारूच नका. 2017 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सात मनगटी यंत्रं 60 जणांवर तपासली. नाडीत सातांपैकी सहा यंत्रं 5 टक्क्यांच्या आत होती, पण कॅलरीत सगळ्यात बरं यंत्रसुद्धा सरासरी 27 टक्क्यांनी चुकलं. आमच्यात त्याच कॅलरीच्या जोरावर मिसळीला जादा कट आणि जादा पाव मागवणारे आहेत. अंतराचंही तसंच. घड्याळ ठरावीक वेळानं जीपीएसचे ठिपके घेऊन ते जोडतं, त्यामुळं घाटातलं वळण ते आतून कापतं. पन्हाळ्याहून एकत्र परतलेल्या दोघांत 'माझे 41, तुझे 40 कसे' यावर चहा थंड होईपर्यंत वाद चालतो.

मी घड्याळ काढून टाकलेलं नाही. सकाळी उठल्यावर पडून असताना नाडी किती, ती महिन्याभरात कुठं चालली, हे मला त्यातून छान कळतं. फक्त चालवताना बघत नाही. घरी येऊन, पाय धुऊन मग बघतो.

शेवटची गोष्ट आयोजकांसाठी. हल्ली 'महिन्यात इतके किलोमीटर करा, स्क्रीनशॉट पाठवा, मेडल घ्या' असे उपक्रम निघतात. हेतू चांगला आहे. पण महिनाअखेर आली की राहिलेले किलोमीटर भरायला लोक रात्री दहाला, दिव्याशिवाय बाहेर पडतात. स्क्रीनशॉट मागताच आहात, तर नावनोंदणीवेळी आणखी एक मागा: लॉक स्क्रीनवरून उघडणारी इमर्जन्सी माहिती. तो नाही, तर प्रवेश नाही. आणि आपण पुरवणीत ही माहिती कशी भरायची याची छोटी चौकट छापावी, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीची, ठळक टाइपात, म्हणजे आमच्या वयाच्या माणसांना चष्मा शोधावा लागणार नाही. मजकूर मी लिहून देतो, मानधन नको.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक
मंगळवार पेठ, कोल्हापूर