नावं न सांगता पाठीशी उभे राहिलेल्यांना

हॅम्बुर्गला हवामानशास्त्रातल्या पीएचडीसाठी निवड झाली, व्हिसा आला, मी पोचलेही. आता राहिलेलं काम: आभार.

पहिले निफाडच्या द्राक्ष बागायतदार काकांचे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीची वही त्यांनी आढेवेढे न घेता हातात दिली. कुठल्या गटात किती वाजता गारा आल्या, बोराएवढ्या की लिंबाएवढ्या, सगळं निळ्या बॉलपेनने. आम्ही वापरतो त्या ईआरए५ या जगभरच्या जुन्या हवामानाच्या माहितीसाठ्यात नकाशाची एकेक चौकट साधारण ३१ किलोमीटरची. दोन-चार किलोमीटरच्या पट्ट्यात झोडपून जाणारी गार तिच्यात सापडतच नाही. वहीत सापडते. माझा संशोधन प्रस्ताव त्या वहीवरच उभा राहिला.

कॉलेज रोडच्या झेरॉक्सवाल्या ताई, शटर अर्धं खाली ओढलेलं असताना तुम्ही मार्कशीट पुन्हा स्कॅन करून दिल्यात, वर पैसेही घेतले नाहीत. पुण्याच्या एका सीनियरने प्राध्यापकांना पाठवायचा माझा मेल निर्दयपणे अर्ध्यावर आणला. तेव्हा राग आला होता, पण उत्तर त्याच मेलला आलं.

पंचवटीच्या मावशी, कांदा-लसूण मसाला अजून पुरतोय. जर्मन मात्र काही केल्या जिभेवर बसत नाही.

काका, वहीची झेरॉक्स माझ्याकडे आहे. मूळ वही भावाबरोबर पाठवली आहे, पोचली की कळवा.