व्हेनिसला निघालेल्या लेकीस

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

पादोवाहून तू मैत्रिणींबरोबर व्हेनिसला निघाली आहेस, असे तुझ्या आईकडून कळले. चाकांची बॅग नेऊ नकोस, कारण त्या शहरात चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत.

सांता लुचिया स्थानकाबाहेर पडताच समोर ग्रँड कॅनाल, म्हणजे शहराचा मुख्य कालवा, दिसेल आणि धक्क्यावरच्या व्हापोरेत्तोत, म्हणजे तिथल्या सार्वजनिक बोटीत, लगेच चढावेसे वाटेल. तो मोह आवर. 75 मिनिटे चालणारे एकेरी तिकीट 9.50 युरोंना पडते, आणि 1 क्रमांकाची बोट जवळजवळ प्रत्येक धक्का घेत सान मार्को या मुख्य चौकाशी पोहोचेपर्यंत चाळीसेक मिनिटे जातात. तेवढ्यात माणूस चालत तिथे जाऊन पोहोचतो. ही बोट परतीसाठी ठेव. वाड्यांची दर्शनी बाजू पाण्याकडे असल्यामुळे गल्लीतून त्यांच्या नुसत्या पाठी दिसतात, त्यांचा थाट पाहावा तो बोटीतूनच.

चालताना घरांच्या क्रमांकांवर विसंबू नकोस. ते रस्त्यागणिक नसून सहा विभागांपैकी प्रत्येकात सलग, हजारोंपर्यंत, दिलेले आहेत, त्यामुळे नुसत्या क्रमांकावरून गल्ली सापडत नाही. भिंतींवरच्या ‘पेर रिआल्तो’, ‘पेर सान मार्को’ (‘पेर’ म्हणजे ‘कडे’) अशा पिवळ्या पाट्या बघत जा. एखाद्या कोपऱ्यावर एकाच ठिकाणासाठी दोन उलट दिशांचे बाण असतात आणि गंमत म्हणजे दोन्ही खरे असतात.

जवळजवळ चार किलोमीटरच्या ग्रँड कॅनालवर पूल अवघे चार आहेत. मधल्या अंतरात ‘त्रागेत्तो’ चालते. आपल्या खाडीवरच्या तरीसारखीच, फक्त होडी गोंडोलाची. सांता सोफियाहून रिआल्तोच्या मासळीबाजाराकडे पलीकडे जायला बाहेरच्यांना 2 युरो पडतात. गोंडोलाच्या अर्ध्या तासाच्या फेरीला दिवसा 90 युरो मोजण्यापेक्षा मला हा सौदा फार शहाणपणाचा वाटतो.

बुरानो बेटावर जायला मात्र बोटीवाचून गत्यंतर नाही. फोंदामेंते नोव्हे या धक्क्यावरून 12 क्रमांकाची बोट धर. त्या दिवशी ग्रँड कॅनालचाही प्रवास होणार असेल, तर तीन एकेरी तिकिटांपेक्षा 25 युरोंचा चोवीस तासांचा पास स्वस्त पडेल. धक्क्यावर चढण्याआधी तो यंत्राला टेकवायचा असतो, आणि खलाशाने दोर आवळून फाटक सरकवले, तरी आधी उतरणाऱ्यांना वाट द्यायची असते. परतीच्या बोटीला दुपारनंतर गर्दी होते, तेव्हा पादोवाच्या गाडीची वेळ पाहूनच बुरानोहून निघ.

तुझे
बाबा