पॅकेजची सरासरी आणि कर्जाचा हप्ता

एमबीए प्रवेशासाठी संस्थांची क्रमवारी देणारा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. त्यातील सरासरी पॅकेजचा रकाना पालकांची दिशाभूल करतो. दोन-चार जणांना मोठे वेतन मिळाले की सरासरी फुगते. वर्गाच्या मधोमध असलेल्या विद्यार्थ्याला काय मिळाले, हे मध्यक सांगतो. आयआयएम अहमदाबादने पुढाकार घेतलेल्या प्लेसमेंट अहवालाच्या मानकांत मध्यक तर असतोच, शिवाय हमखास मिळणारी रोख रक्कमही वेगळी दाखवली जाते. संस्थेकडे असा अहवाल मागावा. तो नसेल, तर किती विद्यार्थी प्लेसमेंटला बसले आणि किती जणांना नोकरी मिळाली, एवढे तरी लेखी घ्यावे.

आता हप्ता. २० लाखांचे कर्ज, १० टक्के व्याज, १० वर्षे मुदत, म्हणजे महिना सुमारे २६,४०० रुपये. शिकत असतानाचे व्याज मुदलात मिळवले गेले, तर त्याहून जास्त. ८ लाखांच्या पॅकेजमधून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि कामगिरीवर अवलंबून असलेला भाग वजा जाता हाती ५०-५५ हजार येतात. त्यातला जवळपास निम्मा पगार बँकेला देऊन मुंबईत भाडे कसे भरायचे?

वित्त क्षेत्रात जायचे असेल, तर चर्चगेटची जमनालाल बजाज संस्था आधी पाहावी. ती मुंबई विद्यापीठाची आहे आणि तिथले बहुतेक प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतात. कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीत संस्थांचा पर्यायक्रम भरण्यापूर्वी हा हिशेब घरी कागदावर मांडावा, ही कळकळीची विनंती.

– एक करिअर समुपदेशक, पुणे